नाकावर पास झालेली गाडी

मिस्त्रीचं नाक गेलं ते एका साध्या तापात. आठ दिवस अंथरुणात काढले, नवव्या दिवशी उठून तो वर्कशॉपला गेला, आणि नाक काही आपल्याबरोबर उठलेलं नाही हे कळायला त्याला आणखी बारा दिवस लागले. पाय मोडला तर माणसाला लगेच कळतं. दात पडला तर जीभ दिवसभर तिथंच जाते. नाकाचं तसं नसतं. ते चेहऱ्यावर जागच्या जागी असतं, सर्दीत गळतंसुद्धा, फक्त आत काही येत नाही. बाराव्या दिवशी वेल्डिंगच्या ठिणगीनं त्याच्याच पायाशी पडलेलं चिंध्यांचं बोचकं धुमसायला लागलं, आणि शेजारी ट्रकचे डिझेल-पंप दुरुस्त करणाऱ्या पंपवाल्यानं धावत येऊन बादलीभर पाणी त्याच्या पायांवर ओतलं.

"झोपला होतास काय रे?" पंपवाला ओरडला.

"विचारात होतो," मिस्त्री म्हणाला. त्या दिवसापासून तो खरोखरच विचारात होता.

कारण हे नाक साधंसुधं नव्हतं. लहानपणी त्याच्या लांबीवरून पोरं त्याला नाक्या म्हणून चिडवायची, आणि त्याच नाकावर पुढं तीस वर्षं घर चाललं. ट्रकच्या सायलेन्सरमागे उभं राहायचं, डोळे मिटायचे, दोनदा सावकाश श्वास घ्यायचा आणि गाडीचा आजार सांगायचा, अशी त्याची पद्धत. तो उभा राहिला की आजूबाजूची ठोकाठोकी थांबायची. लांबलांबचे ड्रायव्हर जुनी गाडी घ्यायच्या आधी ती त्याच्यापुढं आणून उभी करायचे. "नाकावर पास झाली का?" असंच एकमेकांना विचारायचे.

आता धुराचं म्हणाल, तर काळा धूर म्हणजे डिझेल जास्त आणि हवा कमी, निळा म्हणजे ऑइल जळतंय, एवढं ड्रायव्हरच्या बायकोलाही माहीत असतं. खरी गोम पांढऱ्या धुरात. इंजेक्टर नीट फवारत नसला की अर्धंकच्चं डिझेल तसंच बाहेर पडतं, तो धूर पांढरा. आणि इंजिनाच्या आत कुठल्या तरी फटीतून पाणी शिरत असलं की त्याची वाफ होते, तो धूरही पांढराच. पहिला आजार म्हणजे पडसं, दुसरा म्हणजे काळजाला भोक. दिसायला दोन्ही सारखे, फरक वासात. डिझेलचा धूर उग्र, घसा धरणारा. पाण्याचा गोडसर, कारण रेडिएटरच्या पाण्यात जे हिरवं कूलंट घालतात ते तापलं की साखरेच्या पाकासारखं दरवळतं.

बाकीचे मिस्त्री यासाठी रुमाल वापरतात. पांढराशुभ्र रुमाल सायलेन्सरच्या तोंडाशी धरायचा आणि वाळू द्यायचा. तेलकट डाग राहिला तर डिझेल, नुसता वाळून गेला तर पाणी. पद्धत सोपी आणि खात्रीची. पण आमच्या मिस्त्रीनं तीस वर्षं त्या पद्धतीची टर उडवली होती. "रुमाल नाक शिंकरायला असतो," तो म्हणायचा, "ज्याला नाक नाही त्यानं धरावा." हे वाक्य त्याच्या गिऱ्हाइकांना तोंडपाठ झालं होतं. आपण बोललेलं असं गावभर झालं की ते गिळायला फार मोठा घसा लागतो.

तो गुपचूप एका लांबच्या डॉक्टरकडे जाऊन आला. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू, नाहीतर नाही येणार. एवढ्या मोलाच्या सल्ल्यानंतर मिस्त्रीनं ठरवलं की कुणाला काही सांगायचं नाही. पुढचे चार महिने तो पूर्वीसारखाच सायलेन्सरमागे उभा राहिला, डोळे मिटले, श्वास घेतला आणि अंदाजानं सांगितलं. धुराकडे तो आधी चोरून बघून घ्यायचा, कान लावायचा, ड्रायव्हरला गोड बोलून बोलतं करायचा. शिवाय दहा गाड्यांतल्या आठांना दुखणं इंजेक्टरचंच असतं. "इंजेक्टर" म्हटलं की दहात आठ वेळा खरं ठरतं, आणि उरलेल्या दोघांना पुन्हा आणखी काही झालं असेल असं वाटतं. तीस वर्षांची पुण्याई इतकी होती की चार महिने नुसत्या अंदाजावर निघाले, आणि कुणाला शंकासुद्धा आली नाही.

एका बायकोला सोडून.

तिनं एकदा गॅसवर दूध ठेवलं आणि मुद्दाम मागच्या दारी कपडे वाळत घालायला गेली. मिस्त्री शेजारीच खुर्चीवर पेपर वाचत होता. दूध उतू गेलं, मग लागलं, मग करपलं. घरभर धूर झाला तरी त्यानं पान उलटलं. ती आत येऊन म्हणाली, "अहो, दूध करपलंय."

"हं, मघाशीच कळलं मला," मिस्त्री म्हणाला.

तिनं त्याच्याकडे बघितलं आणि भांडं घासायला घेतलं. त्यानंतर त्याचे शर्ट ती स्वतः वास घेऊन धुवायला टाकायला लागली. उरलेली भाजी त्याच्या पानात वाढण्याआधी स्वतः हुंगायची. तिनं विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. नवऱ्याची लाज झाकली म्हणजे संसार झाला, असं तिच्या आईनं तिला शिकवलं होतं, आणि ती शहाणी बाई या एका गोष्टीत आईचं ऐकत आली होती.

अशात धाकट्यानं ट्रक आणला.

धाकटा म्हणजे मिस्त्रीचा भाऊ, त्याच्याहून तेरा वर्षांनी लहान. आईवडील लवकर गेले, तेव्हा मिस्त्रीनंच त्याला मांडीवर घेऊन भरवलं, शाळेत घातलं आणि पुढं गाडी शिकवली. अठरा वर्षं तो दुसऱ्याच्या गाड्या चालवत होता. आता नोकरी सोडून त्यानं एक जुना सहा सिलिंडरचा ट्रक बघितला होता. विकणाऱ्यानं तीन दिवसांची मुदत दिली होती. त्या मुदतीत मिस्त्रीनं नाही म्हटलं तर गाडी परत, एकदा हो म्हटलं की मग तक्रार चालणार नाही.

"त्या येड्याला माहीतच नाही माझा मिस्त्री कोण आहे ते," धाकटा हसत हसत वहिनीला म्हणाला आणि मिस्त्रीकडे वळला. "दादा, उद्या सकाळी आणतो. गार इंजिन, पहिला स्टार्ट. तू हो म्हण, नाहीतर नाही म्हण. मला दुसऱ्या कुणाचं ऐकायचंच नाही."

सकाळी मिस्त्री निघताना बायकोनं त्याच्या खिशात धुतलेला पांढरा रुमाल घातला. रोज ती चौकड्याचा घालायची. मिस्त्रीनं तो बाहेर काढून बघितला.

"हा कशाला?"

"असू द्या," ती म्हणाली. मग म्हणाली, "अहो, आज पंपवाल्या भावोजींनाही एकदा वास घ्यायला सांगा की. घरची गाडी आहे. दोघांनी बघितलेलं बरं."

राग तर त्याच्या नाकाच्या शेंड्यावरच असायचा, तेवढा मात्र तापात गेला नव्हता. "तीस वर्षं माझ्या नाकाला साक्षीदार लागला नाही, तो आता लागणार?" तो म्हणाला आणि चपला घालून बाहेर पडला. ती दारात उभी राहिली. त्याच्यामागून जाऊन पंपवाल्याला स्वतः सांगावं असं तिच्या मनात आलं होतं, हे तिनं पुढं कितीतरी दिवसांनी जावेला रडत रडत सांगितलं.

वर्कशॉपच्या आवारात धाकट्यानं इंजिन चालू केलं. ते दोनदा खोकलं, मग धडधडायला लागलं आणि सायलेन्सरमधून पांढऱ्या धुराचा लोट निघाला. ठोकाठोकी थांबली. शेजारचा टायरवाला हातातली लोखंडी कांब खाली ठेवून बघत राहिला. मिस्त्री मागे जाऊन उभा राहिला, डोळे मिटले आणि श्वास घेतला.

काही नाही. गरम हवा आत गेली, गरम हवा बाहेर आली. डोळ्यांत पाणी मात्र आलं, ते धूर झोंबला म्हणून की भीती वाटली म्हणून, हे त्याचं त्याला समजलं नाही. खिशात रुमाल होता. तो काढून सायलेन्सरसमोर धरायचा, झालं. पण टायरवाला बघत होता, दोन ड्रायव्हर बघत होते, आणि कॅबिनच्या खिडकीतून अर्ध्या अंगानं बाहेर लोंबून धाकटा बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर परीक्षेचा निकाल ऐकायला आलेल्या पोराचा भाव होता. मिस्त्रीनं रुमाल काढला आणि त्यानं कपाळावरचा घाम पुसला.

"बंद करू नकोस," तो म्हणाला आणि पाना घेऊन इंजिनावर चढला.

चालू इंजिनावर एकेका इंजेक्टरच्या नळीचा नट सैल करून बघायचा असतो. चांगल्या सिलिंडरचा नट सैल केला की इंजिन अडखळतं. जो सिलिंडर कामच करत नाही त्याचा सैल केला तर इंजिनाला फरक पडत नाही. पहिला सैल केला, इंजिन अडखळलं. दुसरा केला, अडखळलं. तिसरा सैल केला तर इंजिन आपलं होतं तसंच धडधडत राहिलं. बाकीचे तीन चांगले निघाले. म्हणजे दुखणं तिसऱ्यात, एवढं पक्कं. पण ते कशानं, हे नट सांगत नाही. इंजेक्टर खराब असला तरी हेच होतं, आणि आत पाणी शिरत असलं तरी हेच होतं. इथून पुढचं सगळं नाकाचं काम होतं.

"दादा," धाकटा खाली उतरून म्हणाला, "एक सांगायचं राहिलं. पाणी जरा कमी होतंय. काल येताना अर्धी बाटली टाकली."

इथं मिस्त्रीनं रेडिएटरचं झाकण उघडून आत बुडबुडे येतात का ते बघायला हवं होतं. शिकाऊ माणसानंही बघितलं असतं. पण झाकण उघडायचं म्हणजे शंका आहे असं कबूल करायचं, आणि शंका आहे म्हटलं की कुणीतरी विचारणार, मग नाकानं काय सांगितलं? एका खोट्याच्या पोटी दुसरं जन्मतं ते असं.

"जुन्या गाडीला तहान लागतेच," तो म्हणाला. "पाण्याच्या नळीची क्लिप ढिली असेल, आवळतो. तिसरा इंजेक्टर गेलाय, त्याचं फवारायचं टोक, नॉझल, बदलायचा. बाकी गाडी ठणठणीत."

"नक्की ना?"

"मला विचारतोस?"

धाकट्यानं कान पकडले आणि सगळे हसले.

तिसरा इंजेक्टर काढून मिस्त्री शेजारी पंपवाल्याकडे घेऊन गेला. पंपवाला इंजेक्टरही दुरुस्त करायचा; तिरसट पण कामाला चोख माणूस. त्यानं इंजेक्टर टेस्टरवर लावला आणि दांडा दाबला. फवारा बारीक, धुक्यासारखा उडाला. फवारा थांबल्यावर टोकाशी एक थेंब जमला आणि पडला.

"हा तर बरा आहे रे," पंपवाला म्हणाला. "थोडा ठिबकतो, पण या वयात कोण ठिबकत नाही?"

"बदल."

"बदलायला माझं काय जातंय. पण एवढ्याशा ठिबकण्यानं सिलिंडर मरत नाही. धुराला वास कसला होता?"

मिस्त्री टेस्टरच्या काट्याकडे बघत राहिला. सांगायचंच असेल तर हीच वेळ होती. दुकानात तिसरं कुणी नव्हतं, आणि समोरचा माणूस पंचवीस वर्षांचा शेजारी होता.

"कच्च्या डिझेलचा," तो म्हणाला.

"मग संपलं. नाक तुझं, भाऊ तुझा." पंपवाल्यानं नवा नॉझल काढून बसवला.

नवा नॉझल बसवून गाडी पुन्हा चालू केली तेव्हा इंजिन तापलेलं होतं. तापलेल्या इंजिनात ती बारीक फट आपोआप मिटते आणि धूर कमी होतो. धूर कमी झाला. मिस्त्रीला क्षणभर खरोखरच वाटलं की आपलं बरोबर होतं, आणि त्याला इतकं हलकं वाटलं की त्यानं धाकट्याच्या पाठीत धपाटा घातला. "घे जा. पास," तो म्हणाला. त्याच दुपारी धाकट्यानं विकणाऱ्याला हो कळवलं.

पहिल्या चार खेपा बिनघोर झाल्या. पाचव्या खेपेला सिमेंट भरून धाकटा घाट चढत होता. अर्ध्या चढावर उष्णतेचा काटा लालवर गेला, एकदम पांढऱ्या वाफेचा लोट आला आणि इंजिन जागच्या जागी जाम झालं. त्यानं ब्रेक दाबून गाडी धरली. पण त्या गाडीचे ब्रेक हवेवर चालणारे, आणि बंद पडलेलं इंजिन हवा भरत नाही. जुन्या नळ्यांतून हवा हळूहळू निसटत होती. चाकामागे लाकडी ठोकळा लावायला तो खाली उतरला. ठोकळा लावता लावता गाडी हातभर मागे सरकली. हातभरच. डावा पाय गुडघ्याखाली चाकाखाली सापडला.

ट्रक ओढून वर्कशॉपमध्ये आणला त्या दिवशी मिस्त्रीनं दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. एकट्यानं नट काढले, क्रेनला साखळी लावून इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं जड झाकण, उचललं. पाच पिस्टन काजळीनं काळेकुट्ट होते. तिसरा मात्र घासून पुसून ठेवल्यासारखा लख्ख होता. पाणी आत येऊन त्याची वाफ होत राहिली की पिस्टन असा धुऊन निघतो. शेजारी हेडखालच्या पातळ गॅस्केटवर, सिलिंडर आणि पाण्याच्या वाटेच्या मधोमध, करंगळीएवढी जळकी रेघ होती. ही रेघ एका दिवसाची नव्हती. गाडी आली तेव्हाही ती होती, आणि तिचा वास त्या सकाळी सगळ्या आवारात पसरला असणार.

पंपवाला येऊन मागे उभा राहिला. त्यानं पिस्टन बघितला, गॅस्केट बघितलं, मग मिस्त्रीकडे बघितलं.

"कच्च्या डिझेलचा म्हणालास," तो म्हणाला.

मग तो आपल्या दुकानात निघून गेला. मिस्त्रीनं गॅस्केट पेपरात गुंडाळून बाकाखाली सरकवलं. ते कुणापासून लपवतोय हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. आवारात आता ते बघणारं दुसरं कुणी नव्हतंच.

चौथ्या दिवशी दुपारी तो धाकट्याला बघायला गेला. आधीचे तीन दिवस बायको जात होती, हा काही ना काही काम काढून टाळत होता. हॉस्पिटल लहान, एका हॉलमध्ये दहा खाटा आणि त्या हॉलला एकच नर्स. धाकट्याची खाट खिडकीकडून तिसरी. पायाला मांडीपासून पट्ट्या, खाली दोन उशा. चेहरा उतरलेला, गाल लाल. भावजय नुकतीच बाहेर बाकावर जाऊन टेकली होती. चार दिवसांत तिला झोप नव्हती.

"आलास," धाकटा म्हणाला. "मी म्हटलं, दादा माझ्यावर रागावलाय."

"मी? तुझ्यावर?"

"मग काय. तू गाडी ठणठणीत करून दिलीस आणि मी चार खेपांत वाट लावली. पाणी कमी होतंय हे दिसत होतं मला. चढ लागायच्या आधी थांबायला नको होतं का? सगळ्यांना सांगितलंय मी, दादाच्या नाकाची चूक नाही, चूक माझी." त्यानं शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याकडे बोट केलं. "या काकांना विचार. रोज तुझ्याच गोष्टी सांगतो."

म्हाताऱ्यानं मान हलवली. त्यानं नाकातोंडावर टॉवेल धरला होता. त्याच्या मुलानं आपलं स्टूल उचलून पार खिडकीशी नेलं होतं. मिस्त्रीनं ते बघितलं, पण बघून काही अर्थ लावण्याइतकं त्याचं डोकं जाग्यावर नव्हतं. धाकट्याचं ते बोलणं त्याच्या छातीत रुतून बसलं होतं. चार शिव्या ऐकायला लागल्या असत्या तर बरं, असं त्याला मनापासून वाटलं.

"दादा, जरा जवळ ये," धाकटा आवाज खाली करून म्हणाला. "वाक. या पट्टीचा वास घे."

"का रे?"

"डॉक्टर आता उद्या सकाळी येणार. नर्स नुसतं ठीक आहे, ठीक आहे करते. मला अंगात कणकण आहे. मधूनच काहीतरी घाण वास आल्यासारखा वाटतो, मग वाटतं फिनेलचा असेल, नाहीतर औषधाचा. मला काही कळेना झालंय. हिला विचारलं तर ती नुसती रडायला लागेल. तू घे वास. आत सडत असेल तर तुला लगेच कळेल. तू पास म्हणालास तर मी निवांत झोपतो."

मिस्त्री वाकला. सवयीनं डोळे मिटले आणि श्वास घेतला. दोनदा. शेजारची खाट गप्प झाली, समोरचीही. अख्खा हॉल त्याच्याकडे बघत होता, जसं आवार बघायचं तसं.

गरम हवा आत गेली, गरम हवा बाहेर आली.

"काही नाही रे, औषधाचाच आहे," हे शब्द जिभेवर तयार होते. चार महिन्यांची जीभ ती, तिला सरावच तसा झाला होता. मिस्त्रीनं डोळे उघडले तेव्हा समोर धाकट्याचा चेहरा होता, आणि त्यावर तोच परीक्षेच्या निकालाचा भाव. मग त्याला म्हाताऱ्याच्या नाकावरचा टॉवेल दिसला.

"मला नाही कळत," तो म्हणाला. "माझं नाक गेलंय."

"चेष्टा नको रे दादा. दुखतंय मला."

"चेष्टा नाही." मिस्त्री उठला आणि दाराकडे तोंड करून भावजयीला मोठ्यानं हाक मारली. ती धावत आत आली. "इथं वाक. या पट्टीचा वास घे. नीट घे आणि मला सांग."

ती वाकली आणि लगेच मागे सरली. हात तोंडावर गेला. "भाऊजी," ती म्हणाली, "सकाळी एवढा नव्हता हो. सकाळी मला वाटलं औषधाचा..." ती नर्सला बोलवायला पळाली.

दोघे भाऊ उरले. धाकट्यानं मान त्याच्याकडे वळवली.

"कधीपासून?"

"पाच महिने होत आले."

धाकट्यानं डोळे मिटले. तो मनात मागे मागे मोजत होता, हे मिस्त्रीला दिसत होतं.

"गाडी दाखवायला आणली, तेव्हा?"

"तेव्हाही नव्हतं."

"सायलेन्सरमागे उभा होतास तू. मी बघत होतो."

"उभा होतो."

"मग सांगितलंस कसं?"

"अंदाजानं," मिस्त्री म्हणाला.

धाकट्याच्या चेहऱ्यावर राग आला नाही. आला असता तर मिस्त्रीनं तो अंगावर घेतला असता. धाकट्यानं फक्त मान वळवली आणि छताकडे बघत पडून राहिला. मांडीवर बसवून ज्याला घास भरवले, त्या पोराला आता आपल्याकडे बघायचं नाही, एवढंच मिस्त्रीला कळलं, आणि ते कळायला नाक लागलं नाही.

मग सगळीच धावपळ झाली. नर्सनं पट्टीची कड उचलली आणि फोनकडे धावली. डॉक्टर अर्ध्या तासात आले. त्यांनी पट्टी पूर्ण सोडली, बघितलं आणि भावजयीला बाजूला नेऊन पाय कुठून कापावा लागेल ते हातानंच दाखवलं, गुडघ्याच्या वर. ती भिंतीला टेकली. कागद पुढं आला, तिनं सही केली. ढकलगाडी आणून धाकट्याला तिच्यावर घेतलं. मिस्त्री पुढं होऊन चादर सारखी करायला गेला.

"तू चल माझ्याबरोबर," धाकटा बायकोला म्हणाला. "त्याला राहू दे इथंच."

गाडी दारातून बाहेर गेली. तिचं एक चाक करकरत होतं, आणि तो आवाज लांबपर्यंत ऐकू येत राहिला. मिस्त्री रिकाम्या खाटेजवळच्या स्टुलावर बसला. शेजारचा म्हातारा त्याच्याकडे पाठ करून कुशीवर वळला होता. पट्ट्यांचा ढीग खाटेखालच्या बादलीत तसाच पडला होता.

थोड्या वेळानं झाडूवाली मावशी चादरी काढायला आली. तिनं तोंडाला पदर बांधला होता. बादली बघून ती दोन पावलं मागे झाली, मग मिस्त्रीकडे बघून म्हणाली, "अहो बाबा, बसवतंय तरी कसं तुम्हाला इथं? बाहेर जाऊन बसा की. डोकं उठेल या वासानं."

"मला वास येत नाही," मिस्त्री म्हणाला.

त्या दिवशी हे तो दुसऱ्यांदा सांगत होता. आता सांगायला काहीच जड गेलं नाही. मावशीनं चादर ओढून घेतली, बादली उचलली आणि ती निघून गेली.